हायड्रेंजियाची हजामत

सलूनवाल्यांना लोंबणारं काही बघवत नसे. गालिच्याचा सुटलेला दोरा, दात घासायच्या ब्रशचे फाकलेले केस, शेजारच्या मांजराच्या मिशा. नजर गेली की हात शिवशिवलाच. दारातल्या पायपुसण्याची झालर त्यांनी एकदा खरंच कापून टाकली होती. मांजरही हल्ली त्या घराकडे फिरकत नसे, पण ते का, हे कोणी विचारलं नाही. एरवी माणूस लाख मोलाचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा, आणि गप्पा मारताना कात्रीकडे बघायची गरज नाही. इतकी वर्षं चाललेली कात्री, तिला आता मालकाच्या डोळ्यांची गरज उरली नव्हती. पुढे हेच नडलं, पण ते पुढे.

त्यांचं दुकान रस्त्याच्या बाजूला आणि घर मागे. घरामागे हातरुमालाएवढं अंगण होतं. तिथे भिंतीवर पन्हळीचा पाइप उतरला होता आणि पाइपाला टेकून एक भलीमोठी कुंडी होती. कुंडीत बायकोचा हायड्रेंजिया, गुच्छांनी फुलणारं विलायती झुडूप. तो तिला तिच्या थोरल्या बहिणीने दिला होता. दिला होता म्हणजे, सांभाळायला दिला होता असंच म्हणायला हवं, कारण थोरलीने आजवर कुठलीच वस्तू पुरती दिली नव्हती.

थोरली हॉस्पिटलात मेट्रन होती. नोकरीतून निवृत्त झाली, पण मेट्रनपणातून झाली नाही. कोणाच्या घरी गेली की आधी खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून धूळ बघायची आणि मग विचारायची, कशी आहेस. तिच्या बागेत हायड्रेंजियांची रांग होती आणि प्रत्येकावर कोबीच्या गड्ड्याएवढे गुच्छ. फुलायचं नाही म्हणायची त्यांची काय बिशाद होती. लहानपणी तिने धाकटीला स्वतःची बाहुली दिली, बाहुलीचा हात निखळला, बाहुली परत घेतली. मग सायकल दिली, साखळी पडली, सायकल परत घेतली. दर वेळी वाक्य तेच, की धाकटे, तुझ्या हाताला यश नाही. धाकटी आता पोस्टात काउंटरवर बसून अख्ख्या गावाचं टपाल बिनचूक सांभाळत होती, पण ते वाक्य काही तिच्या कानातून गेलं नव्हतं.

आणि हायड्रेंजिया फुलत नव्हता. आला तेव्हा अंगभर गुलाबी गुच्छ घेऊन आला होता. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, पण फुलाचा पत्ता नाही. पानं मात्र अशी तजेलदार की बघत राहावं. बायकोने काय करायचं बाकी ठेवलं नाही. चहाचा चोथा घातला, अंड्याची टरफलं कुटून घातली, कोणीतरी सांगितलं म्हणून गंजके खिळेही पुरले. कुंडी या भिंतीपासून त्या भिंतीला नेली आणि तिथलं ऊन सोसेना म्हणून परत आणली. सकाळी पोस्टात जाण्याआधी ती झाडाशी दोन शब्द गोड बोलायची. नवऱ्याच्या वाट्याला त्या वेळी नुसतं 'डबा घेतला, येते' एवढंच यायचं, पण त्यांची तक्रार नव्हती.

कारण सलूनवालेही आपल्या परीने झाडाचं करत होते. थंडी पडली, पानं गळाली की कुंडीत नुसत्या काड्या उरायच्या. एक इकडे, एक तिकडे, वर्षभर दुकानाची पायरी न चढलेल्या माणसाच्या डोक्यासारखं ध्यान. ते बघून यांना जेवण जाईना. मग एका निवांत दुपारी ते दुकानातली चांगली कात्री घेऊन अंगणात यायचे, झाडाला सगळीकडून फिरून बघायचे आणि छान गोल कापून टाकायचे. त्यामागे त्यांचा विचारही पक्का होता. केस वाढतो मुळातून. टोक कितीही कापा, काही बिघडत नाही. उलट नव्या जोमाने येतो. झाडाचं तरी वेगळं काय असणार?

शेजारीपाजारी कौतुक करायचे, की काय गोल ठेवलंय हो झाड. बायकोही कौतुक करायची, की निदान दिसतं तरी नीट. मेट्रनचा दर रविवारी फोन यायचा. पाणी किती, ऊन किती, खत काय, अशी तपासणी व्हायची. एकदा तिने विचारलं होतं, कोणी त्याला छेडत तर नाही ना? बायको म्हणाली, छे गं, उलट हे किती निगा राखतात त्याची. कसली निगा, एवढं विचारलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण पुरुषमाणूस झाडाची निगा राखतो यावर मेट्रनचा मुळातच विश्वास नव्हता, त्यामुळे तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

या वर्षी थंडी सरता सरता मेट्रनने निकाल दिला. उन्हाळ्याच्या तोंडाला मी येते, गाडी घेऊन येते. झाडावर फूल असलं तर उत्तम. नसलं तर झाड डिकीत घालून घरी नेते, त्याचे हाल मला बघवत नाहीत.

बायको फोनवर 'बरं' म्हणाली. मग पोळपाट धुवायला घेतला आणि पुसून झाल्यावर पुन्हा धुतला. सलूनवाल्यांना वाटलं, आता ही चिडेल, बहिणीला चार शब्द सुनावेल, निदान नवऱ्याला तरी सुनावेल.

"नेऊ दे," ती म्हणाली. "बरोबरच आहे तिचं. माझ्याकडे त्याचं काही होत नाही."

ती रडली असती तर त्यांनी समजूत काढली असती. पण ती इतक्या शांतपणे म्हणाली की समजूत काढायला जागाच उरली नाही. झाड गेलं असतं तर अंगण मोकळं झालं असतं, यापलीकडे त्यांचं काही बिघडणार नव्हतं. पण बाहुली गेली, सायकल गेली, आता या वयात झाडही न्यायचं म्हणजे काय?

नवी पालवी फुटली तेव्हा एक दिवस पन्हळ तुंबली म्हणून सलूनवाले पाइपामागे हात घालून कचरा काढत होते. तिथे त्यांना एक काडी सापडली. पाइप आणि भिंत यांच्या सांदीत ती उंच वाढली होती आणि गेल्या थंडीत त्यांच्या नजरेतून सुटली होती. बिनकापलेलं काही दिसल्यावर त्यांचा हात आपसूक खिशातल्या कात्रीकडे गेला. तेवढ्यात त्यांना काडीचं टोक दिसलं. कोवळ्या पानांच्या मधोमध हिरवा, दाणेदार, करंगळीच्या नखाएवढा फ्लॉवरचा तुरा असावा तसं काहीतरी होतं.

ती कळी होती.

त्यांनी बाकीच्या काड्या बघितल्या. प्रत्येक काडी वरून सपाट कापलेली, स्वतःच्या हाताने, अगदी देखणी. अशा प्रत्येकीला बाजूने पानं फुटली होती, पण कळीचं नाव नाही. परत पाइपामागची काडी बघितली. परत बाकीच्या बघितल्या. मग ते उलट्या घातलेल्या बादलीवर बसले. केस मुळातून येतो, पण हे लेकाचं फूल टोकावर येतं. जुन्या काडीच्या टोकावर झाड ते थंडीआधीच बांधून ठेवत होतं, आणि हे दर वर्षी येऊन गोल कापून, केराच्या टोपलीत घालून, वर शेजाऱ्यांकडून कौतुक करून घेत होते.

दुकानात बेकरीवाला खोळंबला होता. आज कात्री गप्प का, असं त्याने विचारलं, तर सलूनवाले म्हणाले, दमली आहे.

बायकोला सांगायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण सांगायचं कसं? तू एवढी वर्षं ज्यासाठी टरफलं कुटलीस ते मीच कापून टाकत होतो, हे वाक्य जेवताना म्हणायचं की जेवण झाल्यावर? शेवटी त्यांनी ठरवलं, आधी फूल तर येऊ दे. फूल आलं की बहीण झाड नेणार नाही, मग बघू. थोडक्यात, ते मूग गिळून बसले.

पण मूग गिळले तरी हात स्वस्थ बसेनात. त्यांनी काडी हलकेच पाइपामागून पुढे घेतली आणि दुकानातल्या झाडूची तुटकी दांडी रोवून तिला आधार दिला. दुपारचं ऊन थेट येतं म्हणून गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवती बांधायचं कापड दोरीवर टाकून सावली केली. माती वाळू नये म्हणून दुकानात पडलेले केस झाडून आणून बुंध्याशी पसरले. एका भर दुपारी अख्खं झाड माना टाकून पडलेलं दिसलं तेव्हा तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तांब्यावर तांब्या ओतले, आणि झाड संध्याकाळी पुन्हा ताठ उभं. दुसऱ्या दुपारी तेच नाटक. तेव्हा त्यांनी आधी मातीत बोट घालून बघितलं, माती ओलीच होती. म्हणजे याला पाणी नको होतं, उन्हाची घेरी आली होती. तेव्हापासून रोज सकाळी, बोट घालून, मुळाशीच पाणी. पानांवर एक थेंब नाही.

कळी बायकोलाही दिसली. ती पोस्टात जाता जाता थांबून बघत राहिली. तिने एक बोट पुढे केलं आणि कळीला टेकणार तोच मागे घेतलं.

"नको," ती म्हणाली. "माझा हात लागायला नको."

सलूनवाल्यांनी हे दारातून ऐकलं. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाचे कल्ले एक वर, एक खाली कापले आणि त्यांना ते दिसलंसुद्धा नाही.

कळीचा तुरा झाला, तुऱ्याचा गुच्छ झाला. आधी हिरवट, मग दुधी, मग कडेकडेने गुलाबी होत होत मेट्रन यायच्या दिवशी तो वाडग्याएवढा झाला होता. बायको अर्ध्या दिवसाची रजा काढून बहिणीला स्टँडवर आणायला जाणार होती, कारण मेट्रनची गाडी ऐन वेळी बिघडली होती. निघताना तिने केसांना लावायची पिन दोनदा पाडली, इतकी ती खुशीत होती.

ती गेल्यावर सलूनवाल्यांनी शेवटची नजर टाकली. सगळं झकास होतं. फक्त फुलाच्या खाली एक पान पिवळं पडून लोंबत होतं. एवढं एक पान काढलं की झालं. मेट्रनची नजर नेमकी त्याच्यावर जाणार आणि मग तीच गोष्ट उगाळत बसणार. त्यांनी कात्री काढली, पानाच्या देठाशी धरली, आणि पुढून बेकरीवाल्याने हाक मारली, आहात का घरात? यांनी मान वळवून 'आलो' म्हटलं.

कात्री मात्र थांबली नाही. तिला मालकाच्या डोळ्यांची गरज नव्हती, हे मी आधीच सांगितलं आहे. पिवळं पान जागच्या जागी लोंबत राहिलं आणि गुच्छ त्यांच्या तळहातात येऊन पडला.

माणूस घाबरला की जे त्याला येतं तेच करतो. कापलं की तुरटी लावायची, हे त्यांना येत होतं. ते फूल घेऊन दुकानात धावले आणि तुरटीचा खडा ओला करून देठाला घासघास घासला. तोवर उन्हाने आणि धक्क्याने फुलाची मान पडायला लागली होती. बेकरीवाला खुर्चीत बसून बघत होता, तर यांनी केस धुवायच्या बेसिनमध्ये गार पाणी भरलं, गिऱ्हाईक मान ठेवतं त्या खाचेत फुलाचा देठ ठेवला आणि गुच्छ पाण्यात बुडवला.

बेकरीवाल्याने अर्धी दाढी करून घेतली तेवढ्या वेळात गुच्छ टरारून उठला. अर्धीच, कारण पुढची अर्धी करायला सलूनवाले थांबले नाहीत. त्यांनी आफ्टरशेवची एक छोटी बाटली धुवून पाण्याने भरली, देठ तिच्यात खोचला आणि ती बाटली केसांच्या चिमट्यांनी त्या काडीला बांधून टाकली. वर दोन पानं ओढून घेतली. लांबून बघितलं तर शंका येणार नव्हती. जवळून बघितलं तर येणार होती. मेट्रन नेहमी जवळूनच बघायची, पण या वेळी देवाने तिला सुबुद्धी द्यावी, एवढीच आशा होती.

मेट्रन आली. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून झालं, चहा नको म्हणून झालं, आणि ती थेट अंगणात गेली. मागे बायको, तिच्या मागे सलूनवाले, आणि अर्ध्या गालावर फेस घेऊन बेकरीवालाही दारात येऊन उभा, कारण आपल्या दाढीचा पुढचा भाग या प्रकरणावर अवलंबून आहे हे त्याने ओळखलं होतं.

मेट्रन फुलाकडे बघून चक्क हसली. मग तिने चष्मा चढवला. बुंध्याशी पसरलेले केस बघून भुवई उंचावली. मग वाकली आणि दोन बोटांनी बाटलीवर ओढलेली पानं उचलली.

"याला सलाइन कोणी लावलं?"

तिने चिमटे बघितले, बाटली बघितली, कापलेला देठ बघितला, आणि बहिणीकडे वळली. रागावली नाही, हीच तर पंचाईत होती.

"विकत आणून बांधलंस? एवढं कशाला करायचं, धाकटे? नाही आलं तर नाही आलं. तुझ्या हाताला नाही यश, तर काय करणार?"

बायकोने बाटलीकडे बघितलं. तिला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. सकाळपर्यंत झाडावर असलेलं फूल बाटलीत कसं आलं, हे विचारायचं सोडून ती आपल्या दोन्ही हातांकडे बघायला लागली. तिला स्वतःबद्दलच शंका आली होती.

ते सलूनवाल्यांना सहन झालं नाही.

"तिने नाही, मी," ते म्हणाले. "फूल इथलंच आहे, ताई. याच काडीवरचं. आज सकाळी माझ्या हातून कापलं गेलं. आणि आजच नाही. दर वर्षी मीच कापत आलोय."

मेट्रनने कधी, असं विचारलं, रोग्याला ताप कधीपासून आहे विचारावं त्या सुरात. पानं गळली की, ते म्हणाले. कितपत? त्यांनी हाताने दाखवलं, कानाच्या वर. दर वर्षी? नेमाने. कशासाठी? त्यावर त्यांनी केस मुळातून येतो हा सिद्धांत सांगितला, आणि सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं की तो मोठ्याने म्हटल्यावर फारसा बरा वाटत नाही. दारातला बेकरीवाला फेसातल्या फेसात खोकला.

मेट्रन उलट्या बादलीवर बसली. तिच्या सगळ्या नोकरीत असली केस तिच्याकडे आली नसावी.

बायको मात्र उभीच होती. "म्हणजे," ती हळूच म्हणाली, "माझ्या हाताचं काही नव्हतंच?"

प्रश्न बहिणीला होता. मेट्रनने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या हाताचं काही नव्हतं."

"आणि बाहुलीचा हात?"

मेट्रनने झाडाचं एक पान उगाच सरळ केलं. "तो आधीपासूनच ढिला होता," ती म्हणाली.

बायको हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच राहिली. सलूनवाले ओरडा खायच्या तयारीने उभे होते. ओरडा पुढे मिळालाच, चांगला आठवडाभर पुरला, पण त्या वेळी ती त्यांच्याकडे बघून नुसती हसत होती. आपण आतापर्यंत तिचं फक्त फूल कापत नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

मेट्रन झाड न नेता परत गेली. जाताना तिने देठ तपासून तुरटीचा विचार तेवढा बरोबर होता असा शेरा मारला, आणि हुकूम सोडला की यापुढे कात्री दुकानाच्या मागच्या दाराबाहेर जाणार नाही. फूल जेवणाच्या टेबलावर पाण्यात राहिलं आणि बायको येता-जाता त्याला बिनधास्त हात लावत राहिली. बेकरीवाल्याची उरलेली दाढी संध्याकाळी झाली.

मग थंडी आली, पानं गळाली, आणि काड्या उघड्या पडल्या. एक इकडे, एक तिकडे. पण प्रत्येकीच्या टोकाला एक फुगीर, मिटलेली कळी. सलूनवाले रोज सकाळी हात पाठीमागे बांधून ते ध्यान बघायचे आणि सुस्कारा टाकून दुकानात जायचे. बायको खिडकीतून हे सगळं बघत होती.

एका सुट्टीच्या दिवशी ती दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तिने अंबाडा सोडला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने कधी यांना आपल्या केसांना कात्री लावू दिली नव्हती.

"घ्या," ती म्हणाली. "हौस भागवून घ्या. झाडाकडे बघून झुरू नका."

सलूनवाल्यांनी कापड झटकून तिच्या गळ्याभोवती बांधलं. कंगव्यावर केसांची टोकं घेतली, उजेडात धरली आणि नुसते बघत राहिले. कात्री हवेतच थांबली होती.

"काय शोधताय?" तिने आरशातून विचारलं.

"कळी नाही ना, ते बघतो," ते म्हणाले, आणि कात्रीवरून नजर न हलवता नखाएवढेच केस कापले.